चौथ्या सिलिंडरवरचा थेंब

आमच्या चंद्रपूरजवळच्या घुग्घुसला उन्हाळ्यात माणूस तापला तर त्याला कोणी विचारत नाही, कारण विचारणाराही तापलेलाच असतो. डंपर तापला की मात्र मला फोन येतो. कोळशाच्या गाड्यांचे रेडिएटर उतरवायचे, त्यांत बसलेली कोळशाची भुकटी धुवायची, फुटलेल्या नळ्या झाळून बंद करायच्या आणि ड्रायव्हरच्या शिव्या ऐकत ते परत चढवायचे, असा माझा अठ्ठावीस वर्षांचा उद्योग. दुकानाच्या पाटीवर 'रेडिएटर स्पेशालिस्ट' असं लिहिलेलं आहे. मी पेंटरला फक्त 'रेडिएटर दुरुस्ती' सांगितलं होतं. त्याने मनाने मला स्पेशालिस्ट केलं. मी ते पुसायला लावलं नाही, हेही खरं.

या धंद्यात शिकायचं एकच असतं: इंजिनाला थंड करतो तो वारा, आणि वाऱ्याला वाट लागते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानापुढे डंपरची रांग लागते. पहिल्या वर्षी मी सगळ्यांचे पाण्याचे पंप उघडून बसलो होतो. दुपारी जेवणाचा डबा घेऊन बायको आली आणि म्हणाली, "अजी, हे झेंडूचे हार तं काढा आधी." पूजेचे हार इतके जाड आणि इतके मन लावून बांधलेले होते की समोरच्या जाळीतून वारा आतच जात नव्हता. हार उतरवून टपावर बांधले, गाड्या थंड झाल्या. ड्रायव्हर लोकांत माझं नाव झालं. बायकोचं नाव सुनंदा आहे, ते कोणी विचारलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की तीन वर्षांपूर्वी मला सावली गावाहून डोमाजीभाऊंचा फोन आला. डोमाजीभाऊ म्हणजे तिथले राइस मिलवाले, साठी ओलांडलेले, धिप्पाड, कमी बोलणारे. त्यांच्या धानाच्या ट्रकांचे रेडिएटर माझ्याकडेच येत.

"परभाकर, पानी नसलेलं इंजिन थंडं ठेवता येते का तुले?"

"जनरेटर हाय का, भाऊ?"

"नाई. विमान हाय."

मी मग विचारलं, "कुठी पडलं?"

"पडलं नाई बे. पडू नये म्हनून तं तुले बोलावून राह्यलो."

घरी सांगितलं तेव्हा सुनंदा कूलरमध्ये पाणी भरत होती. आमचा कूलर खिडकीबाहेर उंच स्टँडवर आहे. स्टुलावर ती चढते, मी खालून बादली देतो. स्टुलाच्या दुसऱ्या पायरीवर माझे गुडघे कापतात म्हणून ही वाटणी लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यातच झाली. ती वरूनच म्हणाली, "तुमी आन् विमान?" आणि इतकी हसली की बादली माझ्या डोक्यावर रिकामी झाली.

मिलच्या मागच्या गोदामात, तांदळाच्या पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये ते विमान उभं होतं. पांढरं, दोन माणसांचं, लग्नाच्या मांडवात आणून ठेवलेल्या नव्या कपाटासारखं दिसत होतं. डोमाजीभाऊ तरुणपणी नागपूरला विमान चालवायला शिकले होते. मग वडील गेले, मिल गळ्यात आली. दोन्ही मुलींची लग्नं झाल्यावर त्यांनी सुट्ट्या भागांची खोकी मागवली आणि सहा वर्षं दर दुपारी दोन तास बसून ते स्वतः जोडलं. परवानग्यांची फाईल त्यांनी मला उचलून दाखवली. ती इंजिनापेक्षा थोडीच हलकी होती. मिलच्या मागे स्वतःच्या शेतात मुरूम दाबून त्यांनी पट्टीही तयार केली होती. नियम असा की पहिले ठराविक तास एकट्यानेच उडवायचं. तेवढे तास निर्विघ्न झाले की मग शेजारी माणूस बसवता येतो.

तो माणूस कोण, हे ठरलेलं होतं. शकुंतलाबाई, त्यांची पत्नी. सहा वर्षं त्या दुपारी चहा घेऊन गोदामात येत आणि उद्घाटनाला आल्यासारख्या विमानाभोवती एक फेरी मारत. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माह्यी सीट उजवीकडची हाय जी. तिथी पाना-पक्कड ठेवत जाऊ नोका."

आता इंजिनाचं सांगतो. डंपरमध्ये इंजिनाभोवती पाणी फिरतं आणि ते पाणी रेडिएटरमध्ये थंड होतं. या विमानात पाणीच नाही. चार सिलिंडर, प्रत्येकावर पातळ धातूच्या पट्ट्यांचे दाट थर, फणीच्या दातांसारखे. नाकाडावरच्या दोन भोकांतून वारा आत येतो, त्या दातांमधून दाबून खाली नेला जातो आणि पोटाखालच्या फटीतून बाहेर पडतो. वारा म्हणजे आळशी नोकर. दातांमधून जायला जागा अरुंद, म्हणून बाजूची मोकळी फट दिसली की तो तिथून पसार होतो. म्हणून इंजिनाभोवती पत्र्याच्या आडभिंती आणि रबराच्या पट्ट्या लावून त्याच्या सगळ्या पळवाटा बुजवायच्या. प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर एक वळं असतं, त्याला दोन तारा, आणि त्या तारा पायलटसमोरच्या मीटरला. मीटरवर चार आकडे. दोनशेच्या खाली राहिले की ठीक. वर गेले की धातू मऊ पडायला लागतो, आणि हवेत गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडायची सोय नसते.

डोमाजीभाऊंचे चारही आकडे चढलेले होते. ते बिचारे पट्टीवरून उडायचे, गावाला एक चक्कर मारायचे आणि घाईने खाली यायचे.

मी स्पेशालिस्ट. मी नाकाडाकडे बघितलं आणि निदान केलं: भोकं लहान आहेत. दोन दिवस खपून भोकं मोठी केली. डोमाजीभाऊ उडाले आणि आधीपेक्षाही लवकर परत आले. आकडे आणखी चढले होते.

घरी येऊन मी जेवलो नाही. सुनंदाने खोलीत कूलर सुरू केला आणि सवयीने समोरची खिडकी उघडली. मी चिडून म्हणालो, "गरम हवा येते ना बाहेरची, काऊन उघडून राह्यली?"

"मंग कूलरचा वारा जाईन कुठी? खोली भरली का घुसते काय तो? इतके वर्स झाले चंद्रपुरात, एवढं तं कळत असन तुमाले."

मी ताटावर बसलो आणि चांगला जेवलो. सकाळी पहिल्या एसटीने सावली गाठली. नाकाडाची भोकं पुन्हा होती तेवढी केली आणि पोटाखालची बाहेर जायची फट रुंद केली, तिच्या पुढच्या काठाला खाली वळवलेली पत्र्याची ओठाळी लावली, म्हणजे बाहेरचा वारा आतल्या वाऱ्याला ओढून काढेल.

आणि इथेच ती गोष्ट घडली. आतला पत्रा कापताना माझी कात्री चौथ्या सिलिंडरच्या तारेवरून गेली. दोन्ही तारा कट.

गोदामात मी एकटाच होतो. मीटरसोबत आलेल्या कागदावर त्या तारेचं चित्र होतं, शेजारी कात्री, आणि कात्रीवर लाल फुली. दुसऱ्या चित्रात तारेला साधी तार जोडलेली, त्यावरही फुली. पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून मी त्याचा अर्थ लावला: कंपनीला आपलीच वायर विकायची असते. माझ्याकडे उत्तम तांब्याची वायर होती, त्या केसासारख्या तारेच्या चौपट जाड. दोन्ही तारांत तिचा हातभर तुकडा मध्ये घालून चारही सांधे असे झाळले की सोनाराने बघावेत. वरून काळी नळी चढवली. मीटर सुरू केलं, थंड इंजिनावर चारही आकडे सारखे आले. झालं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

त्या दिवशी डोमाजीभाऊ पाऊण तास वर राहिले. उतरले तेव्हा हसत होते. हा माणूस हसतो हे मिलच्या हमालांनाही तेव्हाच कळलं असावं. पहिले तीन आकडे चांगले उतरले होते, आणि चौथा तर सगळ्यांच्या खाली, दीडशेवर. आधी सगळ्यात तापट तोच होता. मला वाटलं, माझी ओठाळी त्याच्याच बाजूला नीट वळली आहे. माणसाला स्वतःच्या कामाचं कौतुक करायला कारण लगेच सापडतं.

मिलमध्ये माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि पाच किलो तांदूळ. डोमाजीभाऊ चार वाक्यं बोलले, त्यातली दोन माझ्याबद्दल होती. मी उत्तरादाखल हवेच्या दाबावर बोललो. कूलरचा उल्लेख केला, पण असा की जणू ते उदाहरण मलाच सुचलं. सुनंदा पहिल्या रांगेत बसून शांतपणे पेढा खात होती.

दीड महिन्यात एकट्याने उडायचे तास पूर्ण झाले. शकुंतलाबाईंचा दिवस ठरला. वैशाखातली स्वच्छ सकाळ, मिल बंद, लेकी-जावई आलेले, निम्मं गाव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं. आम्ही दोघंही गेलो होतो. विमानाच्या नाकाडावर झेंडूचा हार बघून मी पळत जाऊन तो काढला आणि शेपटीला बांधला. लोक म्हणाले, बघा, स्पेशालिस्ट आहे.

डोमाजीभाऊ आधी एकटे एक फेरी मारून आले. इंजिन बंद केलं, मी वरचं झाकण उतरवलं, म्हणजे शेवटचं एकदा सगळं नजरेखालून घालता येईल. शकुंतलाबाई नव्या लुगड्यात, हातात पाण्याचा गडवा घेऊन आल्या. नव्या गाडीच्या चाकावर घालतो तसं त्यांनी तिन्ही चाकांवर पाणी घातलं. मग इंजिनात डोकावल्या.

"किती तापते हे?"

"लय तापते," मी म्हणालो.

"धिरड्याच्या तव्याएवढं?"

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी बोटं गडव्यात बुडवून पहिल्या सिलिंडरवर थेंब शिंपडले.

"अवं, पानी नोको टाकू त्याच्यावर," डोमाजीभाऊ ओरडले.

"थेंब हाय फक्त. तवा पाह्यतो तसा." थेंब चुर्र करून क्षणभर बसला आणि आटला. दुसऱ्यावर तसंच. तिसऱ्यावर तसंच. चौथ्यावर बोटं झटकली आणि थेंब बसलाच नाही, पडला तसा उडून गेला. त्यांनी परत शिंपडलं. परत तसंच.

"हा जास्त तापला जी," त्या म्हणाल्या. "याच्यावर धिरडं टाकलं तं करपन."

"चौथाच तं सगळ्यात थंडा हाय," डोमाजीभाऊ म्हणाले. "मीटर सांगते."

"मीटरनं धिरडी टाकली काय कधी?"

सगळे हसले. मी हसलो नाही. तांब्याचा आणि त्या थेंबाचा संबंध काय, हे मला तेव्हा अजिबात माहीत नव्हतं. पण चौथ्याच्या तारेला मी काय केलं होतं ते माहीत होतं, आणि ते जगात एकट्या मलाच माहीत होतं. शकुंतलाबाई गडवा लेकीच्या हातात देऊन उजव्या सीटकडे निघाल्या होत्या.

मी सुनंदाकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. "काय झालं?" एवढंच म्हणाली. तिला माझा हा चेहरा माहीत आहे, काचेची बरणी फोडून तुकडे लपवले की असतो तो.

"भाऊ," मी म्हणालो, "बाईले नोका बसवू."

"काऊन?"

"चौथ्याची तार माह्यानं कटली होती. म्या साधी वायर जोडली मंधात. सांगतलं नाई."

डोमाजीभाऊंनी कानावरची यंत्रं काढली, आणि गोदामाच्या दारातल्या पोत्यावर बसले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"दीड महिना," म्हणाले. "दीड महिना मी त्या आकड्याकडे पाहून उडून राह्यलो, परभाकर."

"हो जी."

"आन् शाल घेतली तू."

"हो जी."

मग ते उठले आणि म्हणाले, "आन पाना." मला वाटलं मारायला मागतात. पण त्यांनी चौथ्याचं वळं काढून पहिल्या सिलिंडरला लावलं आणि पहिल्याचं चौथ्याला. इंजिन सुरू केलं, गरम होऊ दिलं. आता चौथ्याच्या तारेवर पहिला सिलिंडर एकदम थंड दिसायला लागला आणि पहिल्याच्या तारेवर चौथा जिथे असायला नको तिथे चढत गेला. त्यांनी लगेच इंजिन बंद केलं. खोटं चौथा सिलिंडर बोलत नव्हता, माझी तार बोलत होती.

यामागची विद्या मला नंतर समजली. त्या दोन तारा दोन वेगवेगळ्या धातूंच्या असतात. एक टोक तापलं की त्यांच्यात किंचितशी वीज तयार होते आणि मीटर ती मोजतं. मात्र तीच जोडी थेट मीटरपर्यंत जायला हवी. मी मध्येच तांबं घातलं, तेही इंजिनाच्या गरम पेटीत, त्यामुळे हिशोब तिथेच तुटला. तांब्याचं इंजिनाकडचं टोक मीटरकडच्या टोकापेक्षा जितकं गरम, तितके अंश मीटर गाळून टाकत होतं. साठ अंश सहज. थंड इंजिनात सगळंच सारखं गार, म्हणून सकाळी आकडे जुळायचे. मी जितकं सुबक झाळलं तितकं खोटं नीट पोहोचत होतं.

पण चौथा तापत का होता? त्याच दुपारी आम्ही त्याच्या आडभिंतीचा पत्रा काढला. खालच्या बाजूला, धातूच्या दातांमध्ये, कुंभारमाशीचं घर. विमान कागदपत्रांसाठी गोदामात उभं होतं तेव्हा तिने सावलीच्या काळ्या मातीचं बांधलेलं, आणि नंतर इंजिनानेच ते भाजून वीट केलेलं. वाऱ्याला तिथून वाटच नव्हती. आकडा खरा दिसत असता तर आम्ही ते पहिल्याच आठवड्यात शोधलं असतं. पितळी काडीने कोरून ते काढायला मला दोन तास लागले. डोमाजीभाऊ शेजारी बसून बॅटरी धरत होते. बोलत नव्हते, पण धरत होते.

शकुंतलाबाई चहा घेऊन आल्या. मला वाटलं त्या तरी बोलतील, आणि बोलल्याच. "प्रभाकरभाऊ, नवी वायर आली का मी बसीन. पन माह्यी एक अट हाय."

"सांगा जी."

"आधी तुमी बसान."

सुनंदाला कप खाली ठेवावा लागला, इतकी ती हसत होती.

योग्य वायर यायला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत मी शाल परत करायला गेलो, ती डोमाजीभाऊंनी घेतली नाही. "ठेव," म्हणाले, "वर थंडी असते." नवी तार मी चित्राप्रमाणे लावली. कात्री पिशवीतून काढलीही नाही. एकट्याच्या दोन फेऱ्यांत चारही आकडे एकमेकांच्या जवळ बसले, आणि शकुंतलाबाईंनी गडवा आणून थेंबांनीही खात्री केली. चारही थेंब सारखे आटले. त्या दिवसापासून त्या गोदामात ती चाचणी कायमची झाली आहे. मीटर आधी, गडवा नंतर.

मग मी बसलो. सुनंदाने पट्टा आवळून दिला. लेकराला पाळण्यात बसवताना आवळतात तसा. "डोळे उघडे ठेवा," म्हणाली, "मले सांगाले लागन सगळं." इंजिन गरजलं, मुरूम उडाला, आणि खालचं खडखडणं अचानक थांबलं. त्याचा अर्थ मला कळला होता. म्हणून मी मान वळवली नाही.

"डावीकडं पाह्य, वैनगंगा," डोमाजीभाऊंचा आवाज कानात आला. "उजवीकडं मिल. खाली तुह्यी बायको हात हालवून राह्यली."

"हो जी," मी म्हणत होतो, "हो जी."

आम्ही उतरलो. पाय जमिनीला लागल्यावर ते माझेच आहेत याची खात्री करून मी चालत सुनंदाजवळ गेलो. माझ्यानंतर शकुंतलाबाई गेल्या आणि अर्धा तास फिरून आल्या. त्यांनी सांगितलं की नदीत वाळूची बेटं आहेत, त्यांच्या माहेरच्या घरावर नवे पत्रे चढले आहेत आणि भावाने ते कळवलं नाही, कोणाच्या तरी गच्चीवर मिरच्या वाळत आहेत, आणि जंगल सुरू होतं तिथे रंग असा बदलतो की जणू कोणी गोधडीला दुसरा तुकडा जोडला आहे. गाव ऐकत होतं.

परतीच्या एसटीत सुनंदाने विचारलं, "आन् तुमाले काय दिसलं वरून?"

मी खरं सांगितलं.

"चौथा, एकशे बहात्तर," म्हणालो. "मंधात एकदा एकशे शहात्तर झालं होतं. मंग परत एकशे बहात्तर."